दाबाचा काटा आणि काकूंची मान

मी ज्या घराच्या मागच्या पडवीत भाड्याने राहतो, त्या घरातली भांडणं मला ऐकू येतात. त्याला माझा इलाज नाही. मधली भिंत चिऱ्याची आहे, पण वर कौलापाशी ती मोकळी सोडलेली आहे. काका-काकूंना हे माहीत आहे. काकू कधीकधी मुद्दाम त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बोलतात, म्हणजे मला साक्षीला धरल्यासारखं होतं.

त्या दिवशी काकांची मोटारसायकल दारात येऊन थांबली आणि काकूंचा आवाज आला, "ही शेवटची. परत मी या गाडीवर बसणार नाय. वास्तुशांतीला मी एसटीनं जाते. तुमी आणि तुमचा काटा, दोघं या मागनं."

काका म्हणाले, "एसटीनं गेलीस तर मी येत नाय."

"नका येऊ."

मी पडवीत भाकरी खात होतो. घास तोंडातच राहिला. कारण त्या गाडीचं इंजिन मी बांधलं होतं.

आधी मी इथे कसा, ते सांगतो. मी हिंगोलीकडचा. शाळा नववीत सुटली, म्हणजे मीच सोडली. वर्गात नाव पुकारून उभं केलं की येत असलेलं उत्तरही बाहेर निघायचं नाही. गावातल्या एकाच्या ओळखीने इकडे रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला आलो. ते काम टिकलं नाही. मग रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकलचं गॅरेज होतं, तिथल्या वस्तादांकडे जाऊन उभा राहिलो. वस्तादांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हात कापतात काय रे तुझे?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. दिसतच होतं. "हो," म्हणालो.

"मग चालेल. ज्याचे कापत नायत तो बोल्ट ढिला ठेवतो नि घरी जाऊन झोपतो."

त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत जगतोय, असं म्हटलं तरी चालेल. घाबरट माणसाला कुणी त्याच्या घाबरटपणासाठी कामावर घेतलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. राहायला जागाही वस्तादांनीच बघून दिली, काका-काकूंची पडवी. पहिल्या आठवड्यात काकूंनी बांगड्याचं कालवण पाठवलं. मला काटे काढता येईनात. त्यांनी दारात उभं राहून बघितलं आणि काही न बोलता आत नेऊन, बोटांनी मासा सोडवून, परत आणून ठेवला. लहान पोराला देतात तसा. मी तिशीला आलेला माणूस. पण तो वाडगा मी बोटाने पुसून रिकामा केला.

काका आयुष्यभर बोटीवर होते. इंजिन-रूममध्ये ऑइलमन. तेल घालायचं, काटे बघायचे, तापलेल्या जागेवर हात ठेवून बघायचं, हे त्यांचं काम. घरी परतल्यावर त्यांच्याकडे एकच इंजिन उरलं, साडेतीनशे सीसीची जुनी, जड मोटारसायकल. तिच्यावर त्यांनी हौसेने तेलाच्या दाबाचा काटा बसवून घेतला होता, टाकीच्या पुढे, हँडलच्या मधोमध. मुळात त्या गाडीला असा काटा नसतोच. पण काका म्हणायचे, काट्याशिवाय इंजिन म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

अडचण अशी की काकांना जवळचं दिसत नाही. रस्ता दिसतो, समोरची एसटी दिसते, पण हँडलवरचे आकडे चष्म्याशिवाय दिसत नाहीत, आणि चष्मा लावला की रस्ता धूसर होतो. म्हणून काटा वाचायचं काम काकूंकडे. मागे बसायचं, साडी सावरायची, एका हाताने धरायचं आणि काकांच्या उजव्या खांद्यावरून मान काढून ओरडायचं. "वीस! अठरा! बारा!" रत्नागिरीहून गुहागरला त्यांच्या माहेरी जायचं तर अख्खा रस्ता हेच. डॉक्टरांनी त्यांना मानेचा पट्टा दिला तेव्हा विचारलं होतं म्हणे, तुम्ही शिवणकाम करता का. काकू म्हणाल्या, "नाय, मी बोटीवर नोकरीला हाय."

आता इंजिनाचं. जे वाचतायत त्यांच्यातल्या पुष्कळांना यातलं काही घेणंदेणं नसेल, पण एवढं कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पिस्टन वरखाली होतो आणि त्याचा दांडा खाली क्रँकला, म्हणजे वळणाच्या जाड आसाला, फिरवतो. दांड्याचं खालचं टोक जिथे क्रँकच्या पिनीवर बसतं, तिथे सगळा मार असतो. काकांच्या गाडीला तिथे पूर्वी बुश होता. बुश म्हणजे साधी धातूची कडी, आत ना गोळ्या ना रोलर. पिन आणि बुश यांच्यामध्ये फक्त तेलाचा पापुद्रा. पिन त्या पापुद्र्यावर तरंगत फिरते, धातू धातूला लागत नाही. पण फट इतकी बारीक की तेल आपणहून आत जाऊन पुरेसं भरत नाही, ते सतत ढकलत राहावं लागतं. ढकलणं थांबलं की पापुद्रा फाटला, आणि मग इंजिन गेलं. म्हणून बुशला दाब हवा.

यंदा तो बुश झिजून खडखडायला लागला. वस्तादांनी सल्ला दिला, या मॉडेलला रोलर बसवता येतात, बसवून टाकू. क्रँकवर रोलर बाहेरच्या वर्कशॉपातून दाबून बसवून आणले आणि इंजिन मी बांधलं. रोलरचं काम वेगळं असतं. तिथे पिनीभोवती बारीक लोखंडी दंडगोल घरंगळत राहतात. घासणं जवळपास नाही. त्यांना तेल लागतं, पण ओलं राहण्यापुरतं. शिंतोडे उडाले तरी भागतं. दाबाचं त्यांना काही नाही.

आणि इथेच घोळ झाला. बुशच्या बारीक फटीत तेल अडायचं, म्हणून काट्याला दाब दिसायचा. रोलरमधून तेल मोकळं वाहून जायला लागलं. अडवणारंच कुणी नाही तर दाब कुठून दिसणार? इंजिन थंड असताना तेल घट्ट, तेव्हा काटा थोडा वर. गरम झालं की काटा तळाला. इंजिन आधीपेक्षा चांगलं, आवाज स्वच्छ, आणि काटा सांगतोय की इंजिन मरतंय.

त्या दिवशी, रोलर टाकल्यावर पहिल्यांदाच, ते दोघं गुहागरला काकूंच्या भावाकडे निघाले होते. भावाने नवं घर बांधलंय, पुढच्या आठवड्यात वास्तुशांत, त्याआधी काही सामान पोचवायचं होतं. मालगुंडाच्या अलीकडेच काकू ओरडल्या, "पडला! काटा पडला!" काकांनी जागेवर इंजिन बंद केलं. सावलीत बसले. इंजिन थंड झालं, किक मारली, काटा वर. निघाले. चढ लागला, काटा खाली. पुन्हा बंद. असं करत जयगडची फेरीबोट डोळ्यांदेखत गेली, आणि पुढची येईपर्यंत थांबायच्या ऐवजी काकांनी गाडी घराकडे वळवली. काकूंच्या मांडीवर भावासाठी नेलेला फणस तसाच परत आला.

हे सगळं मला त्या वरच्या फटीतून कळलं. मी ताट सरकवलं आणि दारात जाऊन उभा राहिलो.

"काका, इंजिनला काही झालेलं नाही ओ. रोलर टाकलेत ना आपण, म्हणून काटा—"

"पोरा, दाब नाय म्हणजे तेल नाय," काका म्हणाले. रागाने नाही, समजावल्यासारखं. "माझा जन्म त्यात गेला."

"याला दाब नसला तरी तेल असतं, काका."

"मग काटा खोटा बोलतो?"

"खोटा नाही ओ…" आणि मी अडकलो. माझं हे नेहमीचं. आत सगळं स्पष्ट असतं, बाहेर काढताना वर्गात उभा केल्यासारखं होतं.

काकू म्हणाल्या, "त्याला कशाला छळता? काटा काढून टाक रे."

"काढ की," काका म्हणाले. "माझे डोळे पण काढ." आणि काकूंकडे वळून, "मग बसशील मागे?"

त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायला नको. इंजिन बरोबर आहे हे मला माहीत होतं, तरी मनातल्या मनात मी ते पुन्हा पहिल्या बोल्टपासून बांधत होतो. त्यापेक्षा मोठी काळजी दुसरी होती. काकू बोललेलं मोडत नाहीत. त्या एसटीने गेल्या असत्या, काका हट्टाने घरी बसले असते, आणि भावाच्या दारात काकूंना सगळ्यांनी विचारलं असतं, एकट्याच? या घरात मला आईच्या हातचं नसलं तरी आईच्या मायेनं वाढलेलं जेवण मिळतं. त्या घरातली दोन माणसं माझ्या हातच्या इंजिनामुळे दोन वाटांनी जाणार, हे मला सहन होईना.

सकाळी वस्तादांना सांगितलं. ते हसले. "सोपा हाय. काट्याच्या पुढे नळीत बारीक भोकाची चकती बसव. तेल अडलं की काटा वर. म्हातारा खूश, म्हातारी मागे बसली, तू सुटलास."

हे गॅरेजवाले करतात. मला माहीत आहे. वस्तादांच्या मनात वाईट काही नव्हतं, एक भांडण मिटवायचं होतं. पण चकती बसवली की पंप जादा तेल झडपेतून मागेच परत फिरवणार. पुढे क्रँकला आणि वर हेडला, म्हणजे इंजिनाच्या डोक्याला, कमी जाणार. काटा खूश, इंजिन उपाशी. वस्तादांना नाही म्हणणं मला जमत नाही. त्यांचे उपकार आहेत. म्हणून मी "बरं" म्हणालो, पत्र्यातून चकती कापली, भोक पाडलं. आणि भोक पाडतानाच सुचलं की हे बसवायचं नाही, दाखवायचं.

दुपारी काकांना गॅरेजवर बोलावलं, आणि काकूंनाही. काकू म्हणाल्या, "मी कशाला?" मी म्हणालो, "काटा कोण वाचणार?"

"बघा," त्या काकांना म्हणाल्या, "इथे पण ड्यूटी लागली."

गाडी स्टँडवर घेतली, चालू करून चांगली तापू दिली. हेडला तेल नेणारी वरची नळी सोडवली आणि तिचं तोंड खाली वळवलं. काकांच्या हातात स्टीलची वाटी दिली. चष्मा लावायला सांगितला. काकू हँडलसमोर स्टुलावर बसल्या.

"काकू, काटा?"

"तळाला. नुसता थरथरतोय."

नळीतून तेल येत होतं. जोरात नाही, पण धार तुटत नव्हती. काका वाटीत बघत राहिले. वाटी भरली, मी इंजिन बंद केलं.

मग चकती बसवली. पुन्हा चालू केलं. काकू एकदम ओरडल्या, "अगो बाय! वीस! बावीस!" काकांचा चेहरा उजळला. त्यांनी मान वर केली, तसं मी म्हणालो, "काका, काटा काकू बघतील. तुम्ही वाटी बघा."

वाटीत थेंब पडत होते. एक थेंब, मग थांबून दुसरा. काका वाटी हलवून बघत होते, जणू तिचीच चूक आहे. मी इंजिन बंद केलं. शेवटी काकूच स्टुलावरून उठून आल्या, वाटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी बावीस ओरडले असते नि आपण खुशीत गेलो असतो, तेल नसताना?"

"हो," मी म्हणालो.

"आणि तळाला ओरडले तेव्हा तेल होता."

"होतं."

काकू काकांकडे वळल्या. "आमच्या बाबांची होडी आठवते? ओंडक्यांवरून वर ओढायचे तेव्हा चरबीचा हात पुरायचा. नुसत्या फळीवरून ओढायची असली की एक माणूस डबा घेऊन पुढे पुढे चरबी चोपडत पळायचा. ह्या पोरानं आता ओंडके घातलेत. तुमी मला अजून डबा घेऊन पळवताय."

वस्ताद मागे येऊन उभे होते. माझ्या कानाशी म्हणाले, "मी सांगितला काय नि तू केलास काय!" मला वाटलं आता बोलणार. पण त्यांनी काकूंसाठी चहा सांगितला.

मला वाटलं होतं वाटी बघितली की काका मानतील. त्यांनी वाटी बाकावर ठेवली, हात पुसले, आणि म्हणाले, "पटलं. पण पटून काय उपयोग नाय." मग चहा येईपर्यंत ते जे बोलले ते त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नव्हतं, हे काकूंच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

बोटीचं इंजिन म्हणजे सगळं बुशवरच. मोठमोठ्या बेअरिंगा, आतून पांढऱ्या मऊ धातूचा थर दिलेल्या, आणि ते सगळं तेलाच्या दाबावर तरंगणारं. एकदा काकांच्या पाळीत काटा खाली आला. तो काटा अडकायचा, सगळ्यांना माहीत होतं, बोटाने टिचकी मारली की वर यायचा. काकांनी टिचकी मारली. नाही आला. पुन्हा मारली. तेवढ्या वेळात बेअरिंगचा धातू वितळून वाहायला लागला. बोट भर समुद्रात बंद पडून राहिली. कुणी काकांना बोल लावला नाही. चीफ इंजिनियरनेसुद्धा पाठीवर हात ठेवला. "तो हात अजून हाय पाठीवर," काका म्हणाले. "काटा पडला असं कानावर आलं ना, की माझा हात आपोआप बंद करतो. मी नाय करत."

मला हे असं आतून कळलं की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मी रोज गॅरेजमधून निघालो की अर्ध्या रस्त्यातून परत जातो, तेलाचा नट घट्ट केलाय ना बघायला. केलेला असतो. माहीत असतं की केलाय. माहीत असण्याचा आणि परत जाण्याचा काही संबंध नसतो. मला वाटतं माणसांतही हे दोन प्रकार असावेत. काहींना थोडं ओलं ठेवलं तरी चालतात. आई मला आठवड्यातून एकदा फोन करते, जेवलास का विचारते आणि ठेवते, तिला तेवढं पुरतं. मला पुरत नाही. मला कुणीतरी सतत सांगत राहावं लागतं की ठीक आहे, ठीक आहे. काका माझ्याच जातीचे निघाले, बुशवर चालणारे. त्यांच्या गाडीत रोलर बसवले, त्यांच्यात कुठून बसवणार?

काकूंनी आलेला चहा काकांच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "काटा राहू दे गाडीवर. मी वाचणार नाय."

"मग मला कळणार कसा?"

"कळू नये म्हणून तर."

"आणि बघायचाच असला काही तर?" काकांनी मला विचारलं. खरंच विचारलं, हट्टाने नाही.

तेव्हा मी चकती काढून त्यांच्यादेखत पत्र्याच्या कचऱ्यात टाकली, नळी परत जोडली, गाडी चालू केली आणि तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. या गाडीत इंजिन फिरून आलेलं तेल टाकीत परत पडताना दिसतं. "निघताना गाडी चालू केली की झाकण काढून बघायचं. तेल परत येतंय, म्हणजे आत जाऊन आलंय. झाकण लावायचं. मग गुहागरला पोचेपर्यंत काही बघायचं नाही."

काकांनी वाकून बघितलं. तेल धडधडत परत पडत होतं. त्यांनी त्यावर बोट धरलं, बोट चोळून बघितलं, वास घेतला. "हे बरं हाय," म्हणाले.

वास्तुशांतीच्या सकाळी अंगणात गाडी चालू झाली तेव्हा मी बाहेर आलो नाही. उगाच माझ्याकडे बघून काकांना शंका यायची. वरच्या फटीतून ऐकत राहिलो. झाकण उघडल्याचा आवाज, बराच वेळ काही नाही, मग झाकण लावल्याचा. मग काकूंचा, "बसू काय?" आणि काकांचा, "बस." गाडी गेली.

गॅरेजवर माझं लक्ष नव्हतं. मोबाईल हत्यारांच्या ट्रेमध्ये उताणा ठेवला होता. वस्ताद म्हणाले, "त्याला पण काटा लाव एक." मालगुंडाचा वेळ गेला. जयगडचा वेळ गेला. फोन नाही. फोन नसणं चांगलं की वाईट, हे ठरवता येईना. मी एका स्कूटरचा प्लग काढून साफ केला आणि लावून झाल्यावर लक्षात आलं की तो शेजारच्या दुसऱ्याच गाडीला लावलाय.

फोन आला तो खाडीपलीकडचं तवसाळ ओलांडून पुढे, वेळणेश्वराकडच्या वाटेवरून. काकू होत्या. मागे वारा होता.

"अरे, इथे वळणावर माझ्या मैत्रिणीचा घर होता, पोफळीच्या बागेत," त्या म्हणाल्या. "नाय रे ता. बाग पण नाय. पर्यटकांच्या खोल्या बांधल्यात, निळ्या रंगाच्या. यांना विचारते कधी झाला हे, तर म्हणतात वर्षं झाली. मी दरवर्षी इथून गेलेय. मला माहीतच नाय."

इंजिनबद्दल विचारायचं होतं ते मागे ठेवलं.

"वाईट वाटलं का काकू?"

"वाटणारच. पण मी बघितला तरी." मागून काकांचा आवाज आला, चल, उशीर होईल, आणि गाडीचा आवाज, संथ, एकसारखा. त्यांनी गाडी चालूच ठेवली होती. "ऐक," काकू म्हणाल्या, "डावीकडे पाय सोडून बसलं की जाताना सगळा दर्या दिसतो. येताना डोंगराची बाजू येईल. ती बघायची राहिलीय. भावाला सांगितलंय, जास्त राहणार नाय, उद्या सकाळी यांच्याबरोबरच परत."

फोन बंद झाला. मी प्लग काढला, आणि ज्या गाडीचा होता तिला लावला.